कामाला मान, माणसाला बेडी

‘कोणतेही काम हलके नसते, मनापासून केले की तीच देवाची पूजा.’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ऐकवणाऱ्याच्या हातात झाडू क्वचितच असतो. म्हणूनच या विचाराचा इतिहास तपासला पाहिजे. त्यासाठी पाचशे वर्षांपूर्वीच्या जर्मनीत जाऊ, कारण रोजच्या कामाला देवाची हाक मानण्याचा विचार तिथे जोरात मांडला गेला आणि त्याची कसोटीही तिथेच लागली.

मध्ययुगीन युरोपात देवाची हाक येते ती पाद्री, साधू आणि नन यांना, अशी समजूत होती. शेतकरी, चांभार, लोहार राबायचे ते पोटासाठी. पुण्य मात्र मठात. मार्टिन ल्यूथर हा स्वतः मठातला साधू. त्याने ही उतरंड मोडली. १५२० साली जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत त्याने मांडले की बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक जण धर्मगुरूच आहे. चांभार आणि बिशप यांच्यात फरक आहे तो कामाचा, दर्जाचा नव्हे. ‘बेरूफ’ या जर्मन शब्दाच्या मुळाशी हाक मारणे हा अर्थ आहे. मठाच्या हाकेसाठी वापरला जाणारा हा शब्द ल्यूथरच्या प्रभावाने साध्या धंद्याला लागला. आजही जर्मन भाषेत पेशाला बेरूफच म्हणतात.

पुरोहितशाहीच्या मक्तेदारीवर हा मोठा घाव होता. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी ल्यूथरच्या धर्मसुधारणेला युरोपच्या राजकीय मुक्तीची पूर्वसूचना म्हटले, ते उगाच नव्हे.

पण पाच वर्षांतच परीक्षा आली. १५२५ साली दक्षिण जर्मनीतले शेतकरी उठले. मेमिंगेन येथे त्यांनी बारा मागण्या लिहून काढल्या. तिसरी मागणी अशी की ख्रिस्ताने मेंढपाळापासून सरदारापर्यंत सर्वांसाठी रक्त सांडले, मग आम्ही कुणाचे बांधील कूळ का राहावे? ल्यूथरचेच तत्त्व त्यांनी ल्यूथरपुढे ठेवले. ल्यूथरने काय उत्तर दिले? ख्रिस्ती स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, शरीराचे नाही. काही मोकळे आणि काही बांधलेले असल्याशिवाय जगाचा कारभार चालत नाही. पुढे बंड पेटल्यावर त्याने शेतकऱ्यांना ठेचून काढण्याची हाक सरदारांना दिली. मेलेल्यांचा अंदाज १ लाखापर्यंत सांगितला जातो.

इथे या विचाराची दुखरी नस सापडते. काम देवाने दिले असेल तर ते पवित्र होते खरे, पण मग ते सोडणे हे पाप ठरू शकते. एकच तत्त्व चांभाराची मान ताठ करते आणि त्याच तत्त्वाने त्याला जागेवर बसवताही येते.

एक फरक मात्र प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. ल्यूथरच्या जर्मनीत जात नव्हती. त्याचा बाप शेतकऱ्याचा मुलगा. तो तांब्याच्या खाणधंद्यात शिरला आणि मुलाला वकील करायला निघाला. खुद्द ल्यूथरने १५३० साली सामान्यांच्या मुलांना शाळेत घाला, असे कळकळीने लिहिले. पुढे इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन्स या प्युरिटन धर्मोपदेशकाने मेंढ्या राखणे हे देवापुढे न्यायाधीशाच्या कामाइतकेच चांगले मानले. शिवाय मुलाचा कल आणि अंगचे गुण पाहून त्याचा व्यवसाय ठरवा, असा सल्ला आईबापांना दिला. म्हणजे देवाची हाक ओळखायची कशावरून? माणसाच्या गुणांवरून, बापाच्या धंद्यावरून नव्हे. ख्रिस्ती परंपरेत ही फट होती आणि तिच्यातून माणूस बाहेर पडू शकत होता.

आपल्याकडे ती फटच बुजवलेली होती. १९३६ साली गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये बाबासाहेबांना उत्तर देताना लिहिले की वर्णाचा नियम वडिलोपार्जित धंद्यावर पोट भरायला शिकवतो, आणि ब्राह्मणाचे व भंग्याचे काम देवापुढे सारख्याच पुण्याचे आहे. ऐकायला हे ल्यूथरसारखेच वाटते. फक्त देवाची हाक इथे जन्माच्या दाखल्यावर लिहून येते! बाबासाहेबांनी उलट विचारले : बनिया कुळातले गांधी वडिलोपार्जित व्यापार सोडून बॅरिस्टर कसे झाले? आणि मूळ मुद्दा त्यांनी आधीच मांडला होता. जात ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, आणि तिला माणसाच्या निवडीचा नव्हे तर पूर्वनियतीचा आधार आहे.

हे केवळ ग्रंथातले भांडण नव्हते. महार वतनाला १८७४ च्या कायद्याचे कवच होते. गावकीचे काम पिढीजात. ते मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. महारकीला मान द्या, असे त्यांनी म्हटले नाही. महारकीतून सोडवा, असे म्हटले.

आज २०१३ चा कायदा हाताने मैला साफ करायला लावण्यास बंदी घालतो, तरी गटारात उतरणारे जीव जातच आहेत. २०१९ च्या कुंभात पंतप्रधानांनी सफाई कामगारांचे पाय धुतले, त्याची छायाचित्रे देशभर गेली. आम्ही विचारतो : पाय धुण्याने त्या कामगाराच्या मुलीपुढे कोणते दार उघडले? यंत्र, पगार, कायम नोकरी, शिष्यवृत्ती यांची चर्चा टाळायची असली की ‘सेवा’ हा शब्द पुढे केला जातो.

श्रमाची प्रतिष्ठा आम्हालाही हवी आहे. पण तिचा पहिला पुरावा म्हणजे ते काम सोडण्याचे स्वातंत्र्य, आणि दुसरा म्हणजे ते काम कुणालाही करावेसे वाटेल असा मोबदला व सुरक्षितता. बुद्धाची सम्यक आजीविका तुझा बाप काय करत होता असे विचारत नाही. तुझ्या उपजीविकेने कुणाला इजा होते का, एवढेच विचारते. तरुणांनो, पुढच्या वेळी कुणी तुमच्या कामाला पूजा म्हणाले, तर त्याला एवढेच विचारा : ही पूजा तुमच्या घरातले कोण करणार आहे?

जय भीम!