चार्ल्स आइव्ज

चार्ल्स एडवर्ड आइव्ज (२० ऑक्टोबर १८७४, डॅनबरी, कनेक्टिकट – १९ मे १९५४, न्यू यॉर्क) हे अमेरिकन आयुर्विमा व्यावसायिक आणि संगीतकार होते. न्यू यॉर्कमधील 'आइव्ज अँड मायरिक' या विमा संस्थेचे ते सहसंस्थापक होते. विमा प्रतिनिधींचे पद्धतशीर प्रशिक्षण आणि कुटुंबाच्या गरजेनुसार विम्याची रक्कम ठरवण्याची रीत यांसाठी अमेरिकन विमा व्यवसायाच्या इतिहासात त्यांचे नाव घेतले जाते. विसाव्या शतकातील महत्त्वाच्या अमेरिकन संगीतकारांतही त्यांची गणना होते. मात्र त्यांचे बहुतेक संगीत कार्यालयीन कामकाजानंतर, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी लिहिले गेले. १९४७ मध्ये त्यांना संगीतासाठीचा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

बालपण व शिक्षण

आइव्ज यांचा जन्म डॅनबरी या कनेक्टिकट राज्यातील लहान शहरात झाला. वडील जॉर्ज आइव्ज यांनी अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात बँडप्रमुख म्हणून काम केले होते. युद्धानंतर ते गावात बँड चालवीत व संगीत शिकवीत. दोन बँड एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत वाजत असताना काय ऐकू येते, यासारखे प्रयोग करण्याची त्यांना आवड होती. त्यांचा ठसा मुलाच्या संगीतावर कायमचा उमटला. चौदाव्या वर्षीच चार्ल्स चर्चमध्ये सवेतन ऑर्गनवादक झाले.

१८९४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठात प्रवेश घेतला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत वडिलांचे निधन झाले. येलमध्ये त्यांनी होरेशिओ पार्कर यांच्याकडे संगीतरचनेचे शिक्षण घेतले व १८९८ मध्ये पदवी मिळवली. केवळ संगीतावर कुटुंबाचा चरितार्थ चालवणे किती कठीण असते, हे त्यांनी घरातच पाहिले होते. आपल्याला हवे तसे संगीत लिहायचे आणि बायकामुलांनाही उपाशी ठेवायचे नाही, तर उपजीविकेचा मार्ग वेगळा असला पाहिजे, असे त्यांचे मत बनले.

विमा व्यवसाय

पदवीनंतर आइव्ज न्यू यॉर्कच्या 'म्युच्युअल लाइफ' या कंपनीच्या विमागणिती विभागात आठवड्याला ५ डॉलर वेतनावर कारकून म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी ते याच कंपनीसाठी काम करणाऱ्या रेमंड एजन्सीत गेले. तेथे त्यांची ज्युलियन मायरिक यांच्याशी ओळख झाली. सुरुवातीची काही वर्षे चर्चमधील ऑर्गनवादनही चालू होते. १९०२ मध्ये त्यांनी ते सोडले.

१९०५ मध्ये न्यू यॉर्क राज्याच्या विधिमंडळाने नेमलेल्या आर्मस्ट्राँग समितीने मोठ्या आयुर्विमा कंपन्यांची चौकशी केली. विमेदारांच्या पैशातून झालेली उधळपट्टी व राजकीय पक्षांना दिलेल्या देणग्या या चौकशीत उघड झाल्या. परिणामी विमा कायद्यात कठोर सुधारणा झाल्या, पण आयुर्विम्यावरील लोकांचा विश्वास डळमळीत झाला. अशा काळात १९०७ मध्ये आइव्ज यांनी मायरिक यांच्या सोबतीने स्वतंत्र एजन्सी सुरू केली. १ जानेवारी १९०९ पासून 'आइव्ज अँड मायरिक' ही संस्था म्युच्युअल लाइफसाठी काम करू लागली. पुढील दोन दशकांत ती देशातील सर्वांत मोठ्या विमा एजन्सींपैकी एक झाली.

दोघांत कामाची वाटणी स्पष्ट होती. मायरिक बोलके व लोकसंग्रही असल्याने बाहेरचा व्यवहार पाहत, तर संकोची स्वभावाचे आइव्ज आतल्या खोलीत बसून प्रतिनिधींसाठी मार्गदर्शिका व जाहिरातींचा मजकूर लिहीत. त्यांच्या पुढाकाराने संस्थेने प्रतिनिधींसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केले. या प्रकारच्या अगदी सुरुवातीच्या वर्गांत त्यांचा समावेश होतो.

विम्याची रक्कम किती असावी, या प्रश्नावर आइव्ज यांनी लिहिलेली पुस्तिका विमा व्यवसायात दीर्घकाळ वापरली गेली. तोपर्यंत प्रतिनिधी बहुधा ग्राहकाच्या भावनेला हात घालून किंवा त्याला परवडेल तेवढ्या हप्त्यावरून विमा विकत. आइव्ज यांनी हा क्रम उलटा केला. कर्ता माणूस गेल्यास कुटुंबाचा आवश्यक खर्च किती, मुले किती वर्षे अवलंबून राहतील, अन्य उत्पन्न व मालमत्ता किती, हे आधी मांडायचे. उरलेली तूट भरून काढण्यास जेवढे भांडवल लागेल, तेवढा विमा घ्यायचा. वारसा कर व आयुर्विमा यांच्या संबंधावरही त्यांनी १९१८ मध्ये पुस्तिका प्रसिद्ध केली. मृत्यूनंतरच्या मालमत्तेचे नियोजन ही विमा व्यवसायाची शाखा रुजवणाऱ्यांत त्यांना स्थान दिले जाते. अनेकांनी मिळून एकाच्या संकटाचा भार उचलणे हे त्यांच्या दृष्टीने विम्याचे मूळ तत्त्व होते आणि म्हणून ते या व्यवसायाला नैतिक कार्य मानत.

कौटुंबिक जीवन

९ जून १९०८ रोजी आइव्ज यांचा विवाह हार्मनी ट्विचेल यांच्याशी झाला. हार्मनी प्रशिक्षित परिचारिका होत्या. त्यांचे वडील, धर्मोपदेशक जोसेफ ट्विचेल, हे लेखक मार्क ट्वेन यांचे निकटचे मित्र होते. विवाहानंतर वर्षभरातच हार्मनी यांचा गर्भपात झाला व शस्त्रक्रियेमुळे पुढे अपत्य होण्याची शक्यता उरली नाही.

कनेक्टिकटमधील वेस्ट रेडिंग येथे या दांपत्याने जमीन घेऊन घर बांधले. न्यू यॉर्कच्या दाट वस्तीतील गरीब मुलांना उन्हाळ्यात मोकळ्या हवेत नेण्याचे काम 'फ्रेश एअर फंड' ही संस्था १८७७ पासून करीत होती. आइव्ज दांपत्याने आपल्या जागेतील लहान घर शहरातील अशा गरजू कुटुंबांना राहण्यासाठी दिले. १९१५ च्या उन्हाळ्यात तेथे आलेल्या एका कुटुंबातील लहान मुलगी आजारी होती. हार्मनी यांनी तिची शुश्रूषा केली आणि पुढे आईवडिलांच्या संमतीने या दांपत्याने तिला दत्तक घेतले. ही त्यांची एकुलती एक मुलगी, एडिथ.

सार्वजनिक कार्य

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यानंतर आइव्ज यांनी युद्धकर्ज उभारणीच्या समितीवर काम केले. सामान्य कामगारालाही सहभागी होता यावे म्हणून ५० डॉलरचे लहान रोखे काढावेत, असा आग्रह त्यांनी धरला. फ्रान्समध्ये रुग्णवाहिका सेवेत स्वयंसेवक म्हणून जाण्याचीही त्यांची इच्छा होती. परंतु ऑक्टोबर १९१८ मध्ये त्यांना हृदयविकाराचा गंभीर झटका आला. त्यानंतर त्यांची प्रकृती पूर्णपणे सुधारली नाही. १९२० मध्ये त्यांनी महत्त्वाच्या राष्ट्रीय प्रश्नांवर थेट जनतेचे मत घ्यावे, अशी घटनादुरुस्ती सुचवली व तिचा मसुदा वृत्तपत्रे आणि राजकीय नेत्यांना पाठवला. या सूचनेला फारसा प्रतिसाद मिळाला नाही.

संगीतक्षेत्रात त्यांनी हेन्री कॉवेल यांच्या 'न्यू म्युझिक' या उपक्रमास आर्थिक आधार दिला. त्यामुळे अनेक समकालीन संगीतकारांच्या रचना प्रसिद्ध होऊ शकल्या. मात्र १९३६ मध्ये समलैंगिक संबंधांच्या आरोपावरून कॉवेल यांना तुरुंगवास झाला, तेव्हा आइव्ज यांनी त्यांच्याशी संबंध तोडले. सुटकेनंतर काही काळाने ते पुन्हा जुळले व कॉवेल यांनीच पुढे पत्नीसह आइव्ज यांचे चरित्र लिहिले. ही घटना त्यांच्या औदार्याची मर्यादा म्हणून अभ्यासक नोंदवतात.

संगीत

लोकगीते, भजने, लष्करी कूचगीते व बँडचे सूर यांना एकमेकांवर रचून, प्रसंगी वेगवेगळ्या लयींत व स्वरांत एकाच वेळी वाजवणे, हे आइव्ज यांच्या संगीताचे वैशिष्ट्य होय. 'कॉन्कॉर्ड सोनाटा' (१९२०) आणि '११४ गीते' (१९२२) ही प्रकाशने त्यांनी स्वखर्चाने काढून विनामूल्य वाटली. १९२६ च्या सुमारास त्यांचे नवे लेखन थांबले. १ जानेवारी १९३० रोजी ते व्यवसायातूनही निवृत्त झाले.

ख्याती उशिरा मिळाली. १९३९ मध्ये जॉन कर्कपॅट्रिक यांनी न्यू यॉर्कमध्ये 'कॉन्कॉर्ड सोनाटा' सादर केला. तिसरी सिंफनी १९४६ मध्ये लू हॅरिसन यांच्या संचालनाखाली प्रथमच वाजवली गेली व पुढील वर्षी तिला पुलित्झर मिळाले. पुरस्काराच्या रकमेतील निम्मा वाटा आइव्ज यांनी हॅरिसन यांना दिला. १९५१ मध्ये लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी दुसरी सिंफनी प्रथम सादर केली. आइव्ज यांनी ती सभागृहात न जाता रेडिओवर ऐकली.

निधन व स्मृती

१९ मे १९५४ रोजी न्यू यॉर्क येथे आइव्ज यांचे निधन झाले. त्यांची हस्तलिखिते येल विद्यापीठात जतन केली आहेत. हार्मनी यांचे १९६९ मध्ये निधन झाले. पतीच्या संगीताचे मानधन त्यांनी मृत्युपत्राद्वारे तरुण संगीतकारांच्या शिष्यवृत्त्यांसाठी ठेवले. अमेरिकन कला व साहित्य अकादमीतर्फे आइव्ज यांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्या या निधीतून दिल्या जातात. आयुष्यभर उपजीविकेसाठी दुसरा व्यवसाय केलेल्या संगीतकाराच्या रचनांमधून आज इतर संगीतकारांना निर्वाहाचे साहाय्य मिळते.