गणिताच्या गोळ्या

'हुशार आहे, पण लक्ष नाही.' माझ्या प्रगतिपुस्तकातला दरवर्षीचा शेरा, म्हणून एडीएचडीची ही गोष्ट जरा जवळची.

अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड, १९३७. मेंदूच्या एक्स-रेसाठी मुलांच्या कण्यातलं पाणी काढायचे. मग पोरांची डोकी भयंकर दुखायची. डॉ. चार्ल्स ब्रॅडलींनी उतारा म्हणून बेन्झेड्रिन दिलं. डोकेदुखी काही फारशी हटली नाही, पण पोरं अभ्यासाला लागली! मग ३० मुलांना आठवडाभर देऊन पाहिलं. १४ जण चक्क सुधारले. उत्तेजक औषधानं पोरं शांत? पोरांनी नाव ठेवलं, 'गणिताच्या गोळ्या'.

पण मोठेपणी हे आपोआप जातं, अशीच समजूत. १९७०च्या दशकात पॉल वेंडर यांनी मोठ्यांकडे पाहिलं खरं. तरी डीएसएम या निदानाच्या अमेरिकन ग्रंथात मोठ्यांसाठी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी ठरायला २०१३ उजाडलं. ब्रॅडलींची पोरं, हयात असतील ती, तोवर ऐंशी ओलांडून गेली होती.