केमिकल पील म्हणजे काय? करण्याआधी काय माहीत हवे?

दिवाळीच्या पहाटे नटूनथटून फडके रोडवर जायचे, ही डोंबिवली-ठाकुर्लीकडची जुनी रीत. पाठोपाठ तुळशीचे लग्न लागते आणि लग्नसराई सुरू होते. मग चौकशी होते, "कार्यक्रम आठवड्यावर आलाय, चेहऱ्याला पील करून घेऊ का?" आठवड्यावर आला असेल, तर नको. का नको, हे समजले की पील म्हणजे काय हेही निम्मे समजते.

पील म्हणजे नेमके काय?

पील म्हणजे सोलणे. त्वचेवर ठरावीक तीव्रतेचे ॲसिड ठरावीक वेळ लावले जाते. त्यामुळे वरच्या मृत पेशींची पकड सुटते, तो थर पुढच्या काही दिवसांत गळतो आणि खालून नवी त्वचा वर येते. म्हणजे हा मोजूनमापून दिलेला चटका आहे. फेशियलचा महागडा प्रकार नव्हे.

ही पद्धत नवी नाही. पॉल गेर्सन उन्ना या जर्मन त्वचातज्ज्ञाने १८८२ मध्येच सॅलिसिलिक ॲसिड, फिनॉल, ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड (टीसीए) यांचे त्वचेवरचे परिणाम नोंदवले होते. आज सर्वांच्या तोंडी असलेले ग्लायकोलिक ॲसिड मात्र १९७४ नंतर पुढे आले. अमेरिकेत व्हॅन स्कॉट आणि यू हे संशोधक त्वचा माशाच्या खवल्यांसारखी होणाऱ्या आजारावर उपाय शोधत होते, त्यातून या गटातल्या ॲसिडचा गुण लक्षात आला.

कोणते ॲसिड कशासाठी?

ग्लायकोलिक ॲसिड उसातही असते. त्याचा रेणू लहान, म्हणून ते झटकन आत शिरते आणि आपोआप थांबत नाही. डॉक्टर घड्याळ लावून बसतात आणि वेळ झाली की सोड्याच्या द्रावणाने किंवा पाण्याने त्याला आवर घालतात. मिनिटभर उशीर झाला तरी फरक पडतो. दुधातले लॅक्टिक आणि कडू बदामातले मॅन्डेलिक ॲसिड त्यामानाने सौम्य, नाजूक त्वचेला चालणारे.

पिंपल्ससाठी सॅलिसिलिक ॲसिड वापरतात, कारण ते तेलात विरघळते आणि तेलकट रोमछिद्रांत उतरते. लावल्यावर चेहऱ्यावर पांढरी भुकटी दिसते. ती त्वचा जळल्याची खूण नसते, द्रावणातले अल्कोहोल उडून गेल्यावर उरलेले ॲसिड असते. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर हे पील टाळावे लागते.

टीसीएची पांढरी साय मात्र खरोखर त्वचेतली प्रथिने गोठल्याची असते. ते लावल्यावर सोड्याने उतरवता येत नाही, म्हणून ते अनुभवी हातातच हवे. फिनॉलचे खोल पील तर हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम करू शकते. आपल्याकडच्या त्वचेला ते सहसा करत नाहीत.

आपल्या त्वचेची अडचण

अमेरिकी डॉक्टर फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते यावरून वर्गवारी मांडली. तिच्या आजच्या सहा प्रकारांत बहुतेक मराठी माणसे चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात. हे मेलॅनिन उन्हापासून चांगले रक्षण करते. पण त्वचेला इजा झाली की त्याच पेशी चिडून जास्त रंग तयार करतात. डास चावल्यावर किंवा फोडणी उडाल्यावर महिनोन् महिने राहणारा काळा डाग आठवा. पील जास्त खोल गेले किंवा नंतर लगेच ऊन लागले, तर तसाच डाग अख्ख्या गालावर उमटू शकतो. डाग घालवायला जावे आणि मोठा डाग घेऊन यावे, असे होते ते यामुळे.

म्हणून खरे काम ॲसिड लावण्याच्या आधी सुरू होते. साधारण दोन ते चार आठवडे सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेले रात्रीचे क्रीम लावून त्वचा तयार केली जाते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने (आयएडीव्हीएल) २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही या पूर्वतयारीवर भर आहे. पहिल्याच भेटीत, काहीही न विचारता पील लावायला निघणाऱ्याकडून उठून यावे.

डॉक्टरांना काय सांगायचे? ओठांवर जर उठतो का, गरोदर आहात का, पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू आहेत का, आणि मेडिकलमधून स्वतःहून आणलेले 'गोरेपणाचे' क्रीम लावता का. अशा क्रीममध्ये अनेकदा स्टेरॉइड असते आणि त्याने पातळ झालेली त्वचा पील सोसत नाही. हे सांगायला लोक लाजतात, लाजू नये. आदल्या आठवड्यात ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंगही बंद.

नंतरचे दिवस

हलक्या पीलनंतर थोडी लाली, कोरडेपणा, तीन ते पाच दिवस पापुद्रे. पापुद्रे ओढायचे नाहीत. पुढे मुख्य पथ्य उन्हाचे, आणि इथे ठाकुर्लीकरांची परीक्षा असते. फास्ट गाडी इथे थांबत नाही, त्यामुळे स्लोची वाट पाहत फलाटावर उभे राहायचे, पुढे उघडी रिक्षा किंवा स्कूटर. एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन सकाळी एकदा फासून भागत नाही. बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी लावावे लागते. ढगाळ दिवशीही.

कोणाकडे करावे, आणि घरी?

एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी ही त्वचारोगातली पदवी-पदविका पाहा. 'कॉस्मेटॉलॉजी'चे भिंतीवरचे प्रमाणपत्र म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ नव्हे. खासगी खर्च झेपत नसेल, तर याच मार्गावरच्या सायन रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत निदान तरी करून घ्यावे. गालावरचा काळा डाग वांग आहे, पिंपल्सची खूण आहे की आणखी काही, हे आधी कळायला हवे.

ऑनलाइन मिळणारी तीव्र पीलची बाटली घरी वापरू नये. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा उत्पादनांबद्दल इशारा दिला, कारण त्यांनी भाजल्याच्या घटना घडल्या. नुसता टक्का वाचूनही अंदाज येत नाही. पीएच कमी असेल, तर तेवढेच ॲसिड जास्त जळते.

अपेक्षाही बेताची ठेवा. पिंपल्सच्या खुणा, टॅन, वरवरचा वांग फिकट होतो. वांग परत येऊ शकतो. खोल खड्डे हलक्या पीलने भरत नाहीत, आणि जन्मजात रंग कोणत्याच पीलने बदलत नाही.

सहसा दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने चार-सहा सिटिंग लागतात. म्हणजे दिवाळीला फडके रोडवर जायचे, तर डॉक्टरांकडे आषाढात जावे. ऊन कमी असताना तयारी आणि पहिली सिटिंग होतात, आणि शेवटची सिटिंग दिवाळीच्या किमान दोन-तीन आठवडे आधी उरकते. ऑक्टोबरच्या तडाख्यात मात्र छत्री सोबत ठेवावी.