पडले तेवढेच आठवते

१९७९ सालचा आषाढ. देवासला आमच्या घरात मराठी चाले आणि गल्लीत माळवी. पण त्या दिवसांत दोन्हीकडे एकच शब्द होता, स्कायलॅब. गल्लीतली मंडळी त्याला ‘इस्कायलैब’ म्हणत. अमेरिकेची ही अवकाशातली प्रयोगशाळा पडणार, कुठे ते सांगता येत नाही, एवढे रेडिओवरून कळले होते. आजीने आम्हां मुलांना अंगणात खेळायची बंदी केली आणि टेकडीवरच्या तुळजाभवानीला नारळ बोलली. ११ जुलैच्या रात्री दहाच्या सुमारास स्कायलॅब फुटली. तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स गावाच्या परिसरात पडले. आजीने नवस फेडला, आणि आमच्यापुरता स्कायलॅबचा इतिहास तिथेच संपला.

तो पुन्हा उघडला अलीकडे, मुलीने ‘सर्चिंग फॉर स्कायलॅब’ हा २०१९ चा माहितीपट लावून दिला तेव्हा. जुनी चित्रणे आणि त्या कामात असलेल्यांच्या आठवणी यांतून तो उभा राहतो. पाहताना मनाशी लाज वाटली. जिच्या पडण्याची तारीख मला पाठ होती, ती चढली कधी हे ठाऊकच नव्हते!

पहिले अवकाशस्थानक रशियाचे, १९७१ चे सॅल्यूत. १४ मे १९७३ रोजी स्कायलॅब वर गेली, ती जखमी होऊनच. उड्डाणातच तिचे संरक्षक आवरण फाटले, सौरपंख्यांपैकी एक तुटून गेला, दुसरा अडकून बसला. आत उष्णता वाढू लागली. अकरा दिवसांनी कॉनरॅड, कर्विन आणि वाइट्झ हे तिघे निघाले, ते दुरुस्तीचे सामान घेऊनच. त्यांनी छिद्रातून छत्री बाहेर काढून उघडली आणि स्थानकावर सावली धरली. पुढे बाहेर जाऊन अडकलेला पंखाही सोडवला. त्यानंतर तीन तुकड्यांत मिळून नऊ माणसे तिथे २८, ५९ आणि ८४ दिवस राहिली. त्यांनी सूर्याचे निरीक्षण केले, माणसाचे शरीर वजनाविना कसे वागते ते तपासले. एका शाळकरी मुलीच्या सूचनेवरून नेलेल्या कोळ्यांनी तिथे जाळीही विणली.

मग ती पडली का? सूर्यावरील हालचाल अंदाजापेक्षा वाढली, त्यामुळे वातावरण फुगले आणि त्याच्या घर्षणाने कक्षा खाली येत गेली. तिला वर ढकलू शकणारे शटल यान १९८१ पर्यंत उडालेच नाही.

तरी आजीची भीती वेडी म्हणवत नाही. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ५० अक्षांशांपर्यंतचा पट्टा स्कायलॅबच्या वाटेखाली होता. आमचे देवास २३ च्या आसपास. कुणाला तरी इजा होण्याची शक्यता १५२ त १, असा खुद्द नासाचा हिशेब होता. वर चढवणाऱ्यांनी उतरवण्याची सोय केली नव्हती, हे विसरून चालणार नाही.

माहितीपट संपला तेव्हा मला धारचा लोखंडी स्तंभ आठवला. लहानपणी मावशीकडे गेलो की लाट मशिदीपाशी तो पाहायला जात असू. परंपरा त्याचे नाते राजा भोजाशी जोडते. तो अखंड होता तेव्हा दिल्लीच्या स्तंभाहून कितीतरी लांब, तेरा मीटरच्या आसपास होता. आज त्याचे तीन तुकडे आहेत. तिथे उभे राहून आम्ही दर वेळी एकच विचारत असू, ‘हा मोडला कसा?’ भट्टीत लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून, एकमेकांत सांधून एवढा स्तंभ घडवला कुणी आणि कसा, हे कधीच विचारले नाही.

आता मुलीला घेऊन धारला जायचे आहे. या वेळी प्रश्न घडवण्यापासून सुरू करीन. मोडण्याची गोष्ट मग सांगेन, आजीच्या नारळासकट.