होडीच्या केबिनमधल्या लाकडाला कोणतं वार्निश लावावं?

जाफराबादमध्ये सुतार सागवानी दाराला जे पॉलिश लावतो, तेच रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या होडीच्या केबिनला चालेल का? लाकूड सागाचंच असलं तरी हवा वेगळी आहे. हवेत ३० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण ६ टक्के पाणी राहतं, ८० टक्के असेल तर १६ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे फळी फुगते, आकसते. वरचा थर तिच्यासोबत ताणला गेला नाही तर तडकतो. मग फटीतून ओल शिरते आणि लाकूड काळं पडतं.

लाखेचं पॉलिश दिसतं सुरेख, पण ओल लागली की पांढरे डाग पडतात. एनसी लॅकर पटकन वाळतं, पण वाळल्यावरही सहज पेट घेतं. ज्या केबिनमध्ये स्टोव्हवर जेवण शिजतं, तिथे ते नकोच.

खरी निवड उरते ती दोघांत. तेल आणि राळेपासून बनलेलं मरीन वार्निश लवचिक असतं. ओरखडा पडला तर तेवढीच जागा घासून पुन्हा हात मारता येतो. दोन डब्यांचं पीयू खूप कडक असतं, टेबलावर वर्षानुवर्षं टिकतं. पण सांधे हलले की त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून जुन्या फळ्यांना वार्निश आणि मरीन प्लायला पीयू, असं आमचं मत.

उन्हापासून वाचवणाऱ्या महागड्या डब्यावर मात्र आत पैसे घालवू नका. बाहेर सहा-आठ हात लागतात, आत तीन-चार पुरतात. खिडकीच्या चौकटी तेवढ्या अपवाद. साग तेलकट असतो, त्यामुळे पहिल्या हाताआधी थिनरने पुसून घ्या.

आता सर्वात महत्त्वाचं. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी साचते आणि इंजिनाच्या एका ठिणगीने भडकू शकते. काम करताना झडपा उघड्या ठेवा, स्टोव्ह आणि बॅटरी बंद ठेवा. पीयूच्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना घातक असते आणि साधा कापडी मास्क ती अडवत नाही. तेलाच्या वार्निशने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. तो आतून तापत जातो आणि काडी न लावताही पेटतो. चिंध्या पाण्यात बुडवा, किंवा होडीबाहेर पसरून वाळवा.