ओपनिंग किती पाठ करायचं? सुलतान खानची गोष्ट

आजचा भाग बुद्धिबळाच्या इतिहासावर आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी मी एक रेटिंग स्पर्धा खेळायचं ठरवलं. दिवसा ऑफिसचा कोड आणि रात्री सिसिलियन नायडॉर्फ, असं सहा महिने चाललं. अठराव्या चालीपर्यंतच्या फांद्या पाठ झाल्या. दुसऱ्या फेरीत समोर शाळकरी मुलगा आला. त्याच्या ई४ला मी सी५ केलं, आणि पठ्ठ्याने दुसऱ्याच चालीला सी३ ढकललं. झालं! नायडॉर्फ पटावर आलंच नाही. गंमत म्हणजे मी तिथे हरलो नाही. डाव बराच वेळ बरोबरीत होता. हरलो ते अगदी शेवटी. माझ्याकडे हत्ती, त्याच्याकडे हत्ती आणि एक प्यादं. ती स्थिती वाचवता येते, एंडगेमच्या कुठल्याही साध्या पुस्तकात ती असते. मी ते पुस्तक उघडलंच नव्हतं.

घरी येताना बसमध्ये एकच प्रश्न डोक्यात होता. आपल्यासारख्या हौशी खेळाडूला ओपनिंग नक्की किती लागतं?

हा प्रश्न निघाला की कुणीतरी सुलतान खानचं नाव काढतंच. "त्याला थिअरी येत नव्हती, तरी त्याने कापाब्लांकाला हरवलं!" हे अर्धं खरं आहे. उरलेला अर्धा भाग आपल्या जास्त कामाचा आहे.

मीर सुलतान खान पंजाबचा, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या भागातला. तो सर उमर हयात खान या बड्या जमीनदाराच्या पदरी होता. लहानपणी तो शिकला ते देशी पद्धतीचं बुद्धिबळ. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचं. आजच्यासारखा किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. आता विचार करा, प्यादी एकेक घर सरकत असतील तर दोन्ही सैन्यं एकमेकांना उशिरा भिडतात. पाठ करण्यासारखं फार काही नसतं. आधी मोहरी नीट लावायची, आणि खरी लढाई मध्ये आणि शेवटी.

उमर हयात खानांनी त्याला युरोपियन नियम शिकवायची सोय केली. १९२८ मध्ये त्याने अखिल भारतीय स्पर्धा जिंकली. नऊ डावांत आठ विजय आणि एक बरोबरी! १९२९ मध्ये मालकांसोबत तो लंडनला पोहोचला.

तिथे त्याच्या सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरवली गेली. त्यात त्याचा नंबर किती आला असेल? शेवटचा, तोही बरोबरीत. ज्यांना पहिल्या चालीपासून भिडायची सवय होती, अशा खेळाडूंसमोर त्याची ओपनिंग्ज टिकली नाहीत.

मग विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या दोन इंग्लिश मास्टर्सनी त्याला हाताशी धरून तयारी करून घेतली. हातात काही महिनेच होते. त्याच वर्षी उन्हाळ्यात रॅम्सगेटला त्याने ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. पुढे १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कापाब्लांकाला हरवलं. हा डाव ६५ चालींचा होता. १९३१ मध्ये तार्ताकोवरविरुद्धचा सामना ६½-५½ असा जिंकला.

आता हिशोब मांडू. थिअरी शून्य असताना तो तळाला होता, म्हणजे "ओपनिंग लागतच नाही" हे खोटं. पण काही महिन्यांत कुणी युरोपची सगळी थिअरी गिळत नाही. त्याला मिळालं ते एवढंच: सुरुवातीला धडपडून पडायचं नाही, आणि आपल्याला समजेल अशा स्थितीत पोहोचायचं. ओपनिंग शेवटपर्यंत त्याची कच्ची बाजूच राहिली. डाव तो मध्ये आणि शेवटी जिंकायचा.

१९३३ च्या अखेरीस तो मायदेशी परतला. लंडन सुटलं, स्पर्धा सुटल्या. तरी १९३५ मध्ये आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी दहा डावांचा सामना झाला, त्यात खाडिलकरांना फक्त एक बरोबरी मिळाली. बाकी नऊ डाव सुलतान खानचे. २०२४ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर जवळपास सहा दशकांनी, फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

तुम्ही म्हणाल, अरे, तो असामान्य होता, आपलं काय? बरोबर आहे. त्याची प्रतिभा आपण उसनी आणू शकत नाही. पण वेळ कुठे घालवायचा ते ठरवू शकतो. मी आता असं करतो: पांढऱ्याकडून एक ओपनिंग, काळ्याकडून ई४ला एक उत्तर आणि डी४ला एक. प्रत्येकी सात-आठ चाली, पण प्रत्येक चाल का करायची ते तोंडी सांगता आलं पाहिजे. सी३सारख्या आडवाटाही त्यातच आल्या. पुढे काय वाढवायचं ते माझे स्वतःचे हरलेले डाव सांगतात. उरलेला वेळ टॅक्टिक्स आणि एंडगेमला.

गेल्या महिन्यात एका स्पर्धेत पुन्हा तीच स्थिती आली. हत्ती विरुद्ध हत्ती आणि प्यादं. यावेळी बरोबरीत सोडवली. अर्धाच गुण मिळाला, पण बसमध्ये छान झोप लागली!

तुमचा शेवटचा हरलेला डाव काढा आणि बघा, तो नेमका कितव्या चालीला हातातून गेला? मला कळवा. भेटू पुढच्या भागात.