तान्ह्या बाळाच्या खुब्याचा क्षयरोग : निदान कसे होते?

क्षयरोग म्हटले की खोकला आणि छाती आठवते. पण हाच जंतू रक्तावाटे हाडांत व सांध्यांतही पोहोचतो. हाडांच्या क्षयरोगात मणक्याखालोखाल खुब्याचा क्रम लागतो. तान्ह्या बाळांत हा आजार क्वचित आढळतो, म्हणूनच तो ओळखायला उशीर होतो.

लक्षणे

बाळ एक पाय कमी हलवते, तो वाकवून ठेवते, लंगोट बदलताना रडते. बारीक ताप राहतो, वजन वाढत नाही. हे सारे काही आठवड्यांत हळूहळू वाढते. याउलट दोन-तीन दिवसांतच जोराचा ताप येऊन पाय हलेनासा झाला, तर सांध्यात इतर जंतूंमुळे पू झाल्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे; उशिराने सांधा कायमचा निकामी होऊ शकतो.

तपासण्या

जन्मतः मांडीच्या हाडाचे डोके कूर्चेचे असते. एक्स-रेत ते साधारण 4 ते 6 महिन्यांनंतर दिसू लागते. त्यामुळे सुरुवातीचा एक्स-रे चांगला आला तरी निश्चिंत राहता येत नाही. सोनोग्राफीत सांध्यातले पाणी दिसते, तर एमआरआयमध्ये हाड व कूर्चेची हानी कळते. माँटू चाचणी बीसीजी लसीमुळेही होकारार्थी येऊ शकते आणि कुपोषित बाळात आजार असूनही नकारार्थी येऊ शकते.

खात्री होते ती सांध्यातल्या नमुन्यावरून. सुईने द्रव किंवा आवरणाचा तुकडा काढून तो सीबीनॅट, कल्चर आणि सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी पाठवतात. सीबीनॅटचा निकाल काही तासांत मिळतो, कल्चरला सहा आठवडेही लागतात. बाळांच्या नमुन्यात जंतू कमी असतात. म्हणून सगळे निकाल आणि लक्षणे एकत्र पाहूनच डॉक्टर निर्णय घेतात. शक्यतो औषधे सुरू होण्याआधीच नमुना घ्यावा.

घरातील चौकशी

बाळाला लागण बहुधा घरातल्या मोठ्या माणसाकडून होते. घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे आणि त्या व्यक्तीचीही तपासणी करावी.

बुलढाणा जिल्ह्यात

संशय आल्यास आशा सेविकेमार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा थेट बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जावे. पुढील तपासण्यांसाठी अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचाही पर्याय आहे. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. उपचार साधारण वर्षभर चालतात. कामासाठी बाहेरगावी जाताना निक्षय क्रमांक सोबत ठेवावा, म्हणजे तिथेही औषधे चालू ठेवता येतात.